लैंगिक आरोग्यशिक्षण आणि शिक्षकाचे पाठबळ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (विशेष संदर्भ : कोल्हापूर)

प्रस्तावना :

किशोरवयीन मुलामुलींना लैंगिक आरोग्याचे शिक्षण द्यावे की देऊ नये, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. या वादात विद्यार्थी, पालक आणि संस्कृती यांचा विचार वारंवार झाला. परंतु ज्याने हा विषय प्रत्यक्ष वर्गात शिकवावयाचा, त्या शिक्षकाचा विचार क्वचितच झाला. हा विषय शिकविल्याबद्दल आक्षेप घेतला गेल्यास त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहिला. प्रस्तुत लेखात १९२१ ते २०२० या शंभर वर्षांतील काही प्रमुख घटनांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. मुंबईतील र. धों. कर्वे आणि कोल्हापुरातील ना. सी. फडके या दोन प्राध्यापकांचे अनुभव हा या विवेचनाचा प्रारंभबिंदू होय.

कर्वे यांचा अनुभव :

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. १९२३ मध्ये संततिनियमन आणि गुप्तरोगांपासून बचाव या विषयांवर त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली. हा प्रचार थांबवावा किंवा नोकरी सोडावी, असा पर्याय त्यांच्यापुढे आला आणि १९२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. वर्गात ते गणितच शिकवीत होते. वर्गाबाहेरील लेखनासाठीही शिक्षकाला पद गमवावे लागते, हा धडा त्या काळातील शिक्षकवर्गाने यातून घेतला असल्यास नवल नाही.

जुलै १९२७ मध्ये कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि मृत्यूपर्यंत ते चालविले. या मासिकातील वाचकांची प्रश्नोत्तरे विशेष महत्त्वाची होती. घरात आणि शाळेत जे विचारता येत नव्हते, ते लोक पत्राने विचारीत आणि त्यांना सरळ, शास्त्रीय भाषेत उत्तर मिळे. एका अर्थाने हा वर्गाविना चालविलेला वर्गच होता. त्याची किंमतही कर्वे यांना मोजावी लागली. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये याच प्रश्नोत्तरांवरून पुन्हा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. कर्वे खटला हरले व त्यांना दोनशे रुपये दंड झाला. तथापि, लैंगिक विषयावरील माहिती म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका न्यायालयात ठामपणे मांडली गेली.

राजाराम महाविद्यालय आणि फडके :

याच काळात कोल्हापूर संस्थानातील राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून ना. सी. फडके काम करीत होते. कादंबरीकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु १९२७ मध्ये, म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’ निघाले त्याच वर्षी, भारतातील कामविषयक प्रश्नावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर यांनी त्याला प्रास्ताविक लिहिले होते. या ग्रंथानंतरही फडके यांचे प्राध्यापकपद अबाधित राहिले.

दोघांच्या वाट्याला आलेल्या भिन्न अनुभवाचे कारण केवळ स्थळात शोधणे पुरेसे नाही. फडके यांचा ग्रंथ इंग्रजीत होता, विद्वानांसाठी होता आणि त्याची मांडणी सुप्रजाजननशास्त्राच्या चौकटीत होती. ‘चांगली प्रजा’ निर्माण करण्याचा तो विचार आज वैज्ञानिक आणि नैतिक अशा दोन्ही दृष्टींनी त्याज्य ठरला आहे. त्या काळी मात्र त्याला प्रतिष्ठा होती. कर्वे मराठीत लिहीत होते आणि सामान्य वाचकाच्या खासगी शंकांना उत्तरे देत होते. राष्ट्राच्या हितासाठी प्रजेविषयी बोलणे समाजाला चालत होते. व्यक्तीला तिच्या शरीराविषयी सांगणे चालत नव्हते, असा निष्कर्ष यावरून काढता येतो. किशोरवयीन विद्यार्थी मात्र दोन्ही प्रयत्नांच्या केंद्रस्थानी नव्हता.

लोकसंख्या शिक्षण ते किशोरावस्था शिक्षण :

स्वातंत्र्यानंतर हाच भेद शासकीय धोरणात उतरलेला दिसतो. १९५२ मध्ये कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला. १९८० मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या शिक्षण प्रकल्पाद्वारे हा विषय शाळेत आला, पण तो आकडेवारी आणि लहान कुटुंब या रूपात. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वयात येण्याविषयी त्यात फारसे काही नव्हते. १९९० च्या दशकात एचआयव्ही-एड्सच्या प्रसारामुळे दृष्टी बदलली आणि २००५ मध्ये केंद्र शासनाने किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आखला.

महाराष्ट्रात या कार्यक्रमाला तीव्र विरोध झाला. शिक्षकांसाठीच्या साहित्यातील चित्रांवर विधिमंडळात आक्षेप घेण्यात आला आणि २००७ मध्ये राज्यात लैंगिक शिक्षण थांबविण्यात आले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हे प्राधान्य वर्गात मोडत होते, त्याच वर्षी हा निर्णय झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. काही आक्षेप साहित्याच्या मांडणीपुरते होते आणि त्यांचा विचार होणे योग्यही होते. परंतु साहित्य सुधारण्याऐवजी विषयच थांबविल्याने प्रशिक्षण घेतलेला शिक्षक उघडा पडला. शासनाने काल दिलेली पुस्तिका आज आक्षेपार्ह ठरत असेल, तर उद्या पुढाकार कोण घेणार?

कायद्याने आलेली जबाबदारी :

२०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने (पॉक्सो) चित्र पालटले. अठरा वर्षांखालील व्यक्तीवर अत्याचार झाल्याची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक झाले. त्यात शिक्षकही आला. ज्या विषयावर बोलण्यास तो कचरत होता, त्याच विषयावरील मौन आता त्याला शिक्षेस पात्र करू शकते. विद्यार्थिनीने विश्वासाने काही सांगितले, तर ते कसे ऐकावे, काय विचारू नये आणि पुढे कोणाकडे जावे, हे प्रशिक्षणाविना साधणारे नाही.

२०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. २०२० मध्ये आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमाचा अभ्यासक्रम आला. त्यानुसार प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक स्त्री व एक पुरुष, आरोग्यदूत म्हणून तयार करावयाचे ठरले. अकरा विषयांपैकी प्रजनन आरोग्य व एचआयव्ही प्रतिबंध हा एक आहे. एकट्या शिक्षकाऐवजी जोडी नेमण्याची ही कल्पना साधी असली तरी इतिहासाच्या संदर्भात महत्त्वाची आहे. राज्याच्या दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकातही मानवी प्रजननसंस्थेचा समावेश आहे. तथापि, हा पाठ ‘घरी वाचून घ्या’ असे सांगून सोडून देण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. त्यामागे अज्ञानापेक्षा संकोच आणि भय अधिक असते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, महाराष्ट्रात या विषयाच्या ज्ञानाची वाण कधीच नव्हती. १९२३ मध्येच ते मराठीत उपलब्ध होते. उणीव होती ती शिकविणाऱ्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या संस्थेची. कोल्हापूरच्या इतिहासात यासाठी एक बोध सापडतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा ते उपदेश करून थांबले नाहीत. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद करून त्यांनी शाळेच्या मागे राज्याची ताकद उभी केली. आज दंडाची गरज नाही. पण लेखी आदेश, नियमित प्रशिक्षण, पालकसभेत मुख्याध्यापकाने स्वतः विषय मांडणे आणि तक्रार आल्यास संस्थेने शिक्षकाची बाजू आधी ऐकून घेणे, एवढे पाठबळ देता येण्यासारखे आहे. कर्वे यांना पत्र लिहिणाऱ्यांचे प्रश्न आजही वर्गात न विचारता राहतात. ते विचारता यावेत, यासाठी प्रथम शिक्षकाला निर्भय करणे अगत्याचे आहे.