मानभावी कुणाला म्हणता?

स्पॅनिश शिकणाऱ्यांना एक गोष्ट हमखास छळते. ख्रिस्ती संन्याशाला काय म्हणायचं? मठात राहून प्रार्थना करणारा असेल तर 'मोंखे', गावोगाव हिंडून भिक्षेवर जगणारा असेल तर 'फ्राइले'. म्हणजे बेनेडिक्टाइन हा मोंखे, फ्रान्सिस्कन हा फ्राइले, आणि जेझुइट ह्या दोन्हीत बसत नाही. काटेकोर बोलायचं तर बंदिस्त मठातली 'मोंखा' वेगळी आणि शाळा-दवाखान्यात काम करणारी 'एर्माना' वेगळी. आपण मराठीत काय करतो? पुरुष असेल तर सरसकट 'पाद्री', बाई असेल तर 'सिस्टर'. विषय संपला!

ते लोक लांबचे, त्यामुळे एक वेळ चालेल. पण आपल्याच वऱ्हाडात हाच घोळ आपण गेली कित्येक शतकं घालतोय, आणि तो साधा नाही.

अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाची ही काशीच म्हणा. गोविंदप्रभूंचं हे गाव. त्यांचे शिष्य चक्रधरस्वामी. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' लिहिलं ते इथेच, साधारण १२७८ मध्ये. मराठी गद्याची सुरुवात सांगताना हे नाव घ्यावंच लागतं. महदाइसेचे 'धवळे' सुद्धा ह्याच गावाशी जोडलेले.

आता गंमत बघा. चक्रधरांनी शिष्यांना सांगितलेलं आयुष्य म्हणजे एका जागी घर करायचं नाही, हिंडायचं, भिक्षा मागून खायचं. असिसीचा फ्रान्सिस १२२६ मध्ये गेला, म्हणजे शतक तेच. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण स्पॅनिशमध्ये सांगायची वेळ आली तर ह्या लोकांना मोंखेपेक्षा फ्राइले जास्त जवळचा वाटेल. अगदी तंतोतंत मात्र तोही नाही, कारण पंथाचे स्वतःचे शब्द आहेत. संसार सोडून पंथात येणं म्हणजे 'अनुसरण'. घरसंसारात राहून धर्म पाळणारा 'वासनिक'. मठाचे प्रमुख 'महंत'. संन्यास घेतलेली बाई 'तपस्विनी'. भेटल्यावर नमस्कार नाही, 'दंडवत प्रणाम'. इतकी नेमकी शब्दावली, तीही मराठीत! चक्रधरांनंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. ग्रंथ संस्कृतात नकोत, म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाहीत, असा त्यांचा आग्रह होता.

आणि बाहेरच्या मराठीने ह्या सगळ्यांना काय दिलं? एकच शब्द. 'महानुभाव' म्हणजे थोर, तेजस्वी. बोलताना त्याचा झाला 'मानभाव'. इथपर्यंत ठीक, जीभ अशीच वळते. पण मानभावचं 'मानभावी' झालं आणि त्याचा अर्थ झाला ढोंगी, वरून गोड आणि आतून कपटी. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण तर आपल्या आज्या सहज बोलून जायच्या.

असं का झालं असेल? हा पंथ इतर देवदेवता मानत नाही, बायकांनाही संन्यास देतो. त्यातच पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. बाहेरच्याला वाचता येईना, म्हणून संशय वाढला. ही कुलुपं राजवाड्यांनी १९१० च्या सुमारास उघडली आणि विद्वानांना आतलं जुनं मराठी भांडार दिसलं. पण तोवर शब्द पक्का झाला होता. रसेल आणि हिरालाल ह्यांच्या १९१६ च्या जातीकोशातही नोंद आहे ती 'मानभाव' अशीच, आणि ती सांगते की हा पंथ आता जात झालाय. अनुसरलेला कोण आणि वासनिक कोण, हा पंथातला मूळ फरक त्या एका नावात दिसतच नाही.

२०२३ मध्ये विधिमंडळाने मराठी भाषा विद्यापीठाचा कायदा केला आणि जागा निवडली रिद्धपूर. उत्तमच झालं. पण ज्यांच्या नावावर आपण मराठीचं प्राचीनत्व मिरवतो, त्यांचंच नाव शिवी म्हणून वापरत राहायचं, हे काही पटत नाही.

तुम्ही म्हणाल, बोलणाऱ्याच्या मनात पंथ नसतोच. खरंय. पण अकोल्याच्या नाहीतर अमरावतीच्या वर्गात एखादा वासनिकाचा मुलगा बसलेला असतो, आणि मास्तर फळ्यावर 'मानभावी = ढोंगी' असं लिहितात. त्याच्या मनात पंथच असतो.

उपाय फुकटचा आहे. ढोंगी, दांभिक, लबाड, साळसूद. शब्दांना काय तोटा आहे मराठीत? आणि रिद्धपूरला गेलात तर बैरागी, गोसावी वगैरे अंदाज बांधू नका. सरळ दंडवत प्रणाम म्हणा.