महारवतन, सातबारा आणि लेकीचे नाव

महारवतनाचा इतिहास आपण गुलामीचा इतिहास म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, त्यामागे हीच गुलामी होती. अष्टौप्रहर सरकारची व गावाची चाकरी आणि मोबदल्यात जमिनीचा तुकडा व बलुते. या वतनाला दुसरीही एक बाजू होती; तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

1886 साली मुंबई सरकारने वतनाच्या वारसाविषयी एक कायदा केला. शेवटच्या पुरुष मालकाची विधवा तेवढी वगळून वतनदार घराण्यातील इतर स्त्रिया, तसेच स्त्रीच्या नात्याने हक्क सांगणारे, यांना प्रत्येक पात्र पुरुष वारसाच्या मागे टाकले. म्हणजे सख्खी लेक मागे आणि दूरचा चुलतभाऊ पुढे! पाटलाचे वतन आणि महाराचे वतन यांत जमीनअस्मानाचे अंतर. लेकीला मागे सारण्यात मात्र पूर्ण समता. चाकरी करताना हा क्रम कोणी पाहत नव्हते. घरचा पुरुष सरकारी टपाल घेऊन परगावी गेला, की त्याच्या वाटचे काम घरातल्या बाईच्या अंगावर पडे.

1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट केली. ठराविक रक्कम भरून जमिनी नव्या शर्तीवर वतनदारांनाच परत मिळाल्या. बेड्या तुटल्या, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु वतनाच्या कागदावर जी नावे होती तीच सातबाऱ्यावर उतरली, आणि ती पुरुषांची होती.

हिंदू कोड बिलाची झालेली परवड हे बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा देण्याचे एक प्रमुख कारण होते. पुढे 1956 चा हिंदू वारसा कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे. त्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मसिद्ध हक्क मिळण्यासाठी महाराष्ट्रातील मुलीला 1994 पर्यंत आणि देशातील मुलीला 2005 पर्यंत थांबावे लागले. तलाठ्याच्या दप्तरात तर कायदा त्याहून सावकाश पोचतो. थोरल्या भावाचे नाव 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून लागते. आई आणि बहिणी 'इतर हक्का'च्या रकान्यात. आमच्या घरच्या उताऱ्यावर आजीचे नाव मी त्याच रकान्यात वाचले. त्या शेतात तिच्याइतके कोणी राबले नव्हते.

हा रकान्याचा प्रश्न घरातल्या सत्तेचा प्रश्न आहे. सोसायटीचे पीककर्ज, विहिरीचे अनुदान, मोटारीची वीजजोडणी, अतिवृष्टीची भरपाई हे सारे खातेदाराच्या नावाने येते. ज्याच्या नावाने पैसा येतो, तो कपाशी लावायची की ज्वारी हे ठरवतो, बैल विकायचा की नाही हेही तोच ठरवतो. बियाणे राखणारी आणि खुरपणारी बाई फार तर विचारली जाते. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातील वहितीदारांत स्त्रिया सुमारे 14 टक्केच होत्या.

आपली चळवळ येथे निर्दोष आहे काय? 6 डिसेंबर 1964 ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा बायका लेकरांसह तुरुंगात गेल्या. जमिनीची मागणी मात्र कुटुंबासाठी होती, आणि कुटुंब म्हणजे कर्ता पुरुष हे सरकारनेही गृहीत धरले, आपणही. दादासाहेबांच्या नावाने 2004 साली सुरू झालेल्या योजनेत विधवा व परित्यक्तांना प्राधान्य आले. पण ही जमीन विकत घेऊन द्यायची असते, आणि विकणाराच मिळत नाही.

ज्या थोड्या घरांत तुकडा आहे तेथे आज हक्कसोडपत्र आहे. बापाचे दिवसकार्य उरकते न उरकते तोच बहिणींना तालुक्याला नेतात. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती असतेच. वर एक युक्तिवाद असतो: अर्ध्या एकरात किती वाटे करायचे? युक्तिवाद खोटा नाही. त्याच अर्ध्या एकराचे चार भावांत चार वाटे होतात, तेव्हा मात्र तो कोणाला आठवत नाही.