उच्छ्वास, गंज आणि संप : पठारावरचे समुद्राचे पाणी

महाराष्ट्रात ‘संप’ म्हटले की काम बंद ठेवणे आठवते. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात मात्र संप म्हणजे अंगणात जमिनीखाली बांधलेली टाकी. नळाला पाणी आले की आधी संप भरायचा, मग मोटर लावून पाणी गच्चीवर चढवायचे, हा तिथल्या घराघराचा नेम आहे. हाच शब्द आता घरी समुद्री मत्स्यालय ठेवणाऱ्यांच्या बोलण्यात येतो. प्रवाळ आणि मासे असलेल्या काचेच्या टाकीखाली, कपाटाच्या दाराआड, कप्पे पाडलेली दुसरी टाकी असते. वरचे पाणी आपल्याच भाराने तिच्यात उतरते, कप्प्याकप्प्यातून निवळत पुढे सरकते आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर पाठवतो. या खालच्या टाकीची मांडणी कशी करावी, हा प्रश्न आला की चर्चा यंत्रांकडे वळते : कोणता पंप, कोणता स्किमर, कोणता दिवा. पुणे-हैदराबाद महामार्गावर हुमनाबाद आणि जहीराबाद यांच्या मधल्या मन्नाएखेळ्ळीसारख्या, दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावात तर ही सगळी परक्या मुलखातून विकत आणलेली विद्या वाटावी, हे स्वाभाविक आहे. मला ते पटत नाही. संपाची मांडणी ही मुळात पाण्याच्या वाटेची मांडणी आहे. पाणी कुठे थांबेल, कुठे श्वास सोडेल आणि माणूस त्याच्यापर्यंत कुठून उतरेल, हे तीन प्रश्न तिच्या मुळाशी आहेत, आणि ते या पठाराने पंधराव्या शतकापासून हाताळलेले आहेत.

बहमनी सुलतान अहमदशहा वली याने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलवली, तेव्हा त्याने निवडलेल्या जागेला मोठी नदी नव्हती. होता तो जांभ्या दगडाचा उंच माथा. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते, खाली जाते आणि चिकणमातीच्या व काळ्या पाषाणाच्या थराला लागून अडते. मग ते आडवे वाहू लागते आणि पठाराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडते. बीदरच्या नरसिंह झरणीत भाविक गुहेतल्या छातीभर पाण्यातून देवापर्यंत जातात, आणि नानक झिऱ्याचे पाणी आजही वाहते, ते याच रचनेमुळे. बहमनी काळातल्या कारागिरांनी हे आडवे वाहणारे पाणी बोगद्यात पकडले. इराणात कनात किंवा कारेझ म्हणतात ती विद्या इथे जांभ्यात उतरली आणि लोकांनी तिला ‘सुरंग बावी’ हे आपले नाव दिले. नौबादची सुरंग बावी सुमारे ३ किलोमीटर लांबीची आहे आणि तिच्यावर २१ उभे कूपक आहेत. मोट नाही, रहाट नाही. बोगद्याच्या तळाला दिलेल्या बेताच्या उतारावर पाणी आपण होऊन चालत राहते. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडते, कमी झाला तर गाळ जागीच बसतो. हे गणित अंधारात, पहारीने दगड फोडत जमवलेले आहे. कूपकांकडे पाहणाऱ्याला त्या विहिरी वाटतात. त्यांतून पाणी काढता येतेही. पण त्यांचे पहिले काम वेगळे होते. खोदताना माती वर काढायला, आतल्या माणसाला हवा मिळायला आणि पुढची कित्येक वर्षे गाळ उपसायला माणूस खाली उतरावा यासाठी ते पाडलेले आहेत. म्हणजे बोगदा झाकायचा हे ठरले तेव्हाच तो कुठे कुठे उघडा ठेवायचा हेही ठरले होते.

पुढे विजापूरने हीच समज नळांना लावली. तोरवीहून आणि १६५१ साली बांधलेल्या बेगम तलावातून मातीच्या नळांनी शहरात पाणी येई. बंद नळात दोन संकटे असतात. पाण्याचा दाब वाढून नळ फुटतो, आणि गाळ व हवा आत अडकून वाट तुंबते. यावर विजापूरच्या कारागिरांनी ठिकठिकाणी दगडी मनोरे उभारले. त्यांना गंज म्हणतात. नळातले पाणी गंजात वर चढे, तिथे क्षणभर मोकळे होई, दाब उतरे, हवा निघून जाई, गाळ तळाला बसे आणि निवळलेले पाणी पुढच्या नळात शिरे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ पासून, कात्रजचे पाणी शहरात आणले, तेव्हा भुयारी नळावर ठरावीक अंतराने असेच झरोके ठेवले. त्यांना मराठीत नाव पडले ‘उच्छ्वास’. वाहत्या पाण्याला श्वास सोडायला जागा लागते, हे ज्याने पहिल्यांदा या शब्दात सांगितले त्याला पाणी कळले होते. कात्रजला तलावही दोन : गाळ वरच्यात बसावा आणि निवळ पाणी खालच्यात यावे. या तिन्ही कामांत एक गोष्ट सारखी आहे. पाणी स्वच्छ करणारे कोणतेही वेगळे यंत्र त्यात नाही. वाट जिथे रुंद केली तिथे पाणी मंदावले, जिथे अरुंद केली तिथे वेग आला, आणि प्रत्येक कामाला त्याची जागा मिळाली.

युरोपात समुद्री मत्स्यालय सुरू झाले तेव्हा हीच गोष्ट लोकांना उशिरा कळली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे दाखवून दिले की, मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ बसला तर टाकीतले पाणी दीर्घकाळ न बदलता चालते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द अक्वेरियम’ या पुस्तकाने घरोघरी समुद्री टाक्यांची लाट आणली. त्याच काळात गॉस यांनी क्षार मिसळून कृत्रिम समुद्रपाणी करण्याची कृतीही प्रसिद्ध केली. दहा-बारा वर्षांत ही लाट ओसरली. कारण उघड होते. एकच काचेची टाकी, तिच्यात जीवांची गर्दी, वर ऊन, आणि पाणी जागच्या जागी. एक जीव मेला की सगळे नासे. घडलेले सगळे डोळ्यांसमोर होते, पण पाण्याला जायला दुसरी जागाच नव्हती.

ती जागा दिली विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी. लंडनमध्ये समुद्रपाणी आणि समुद्री जीव विकणारा हा दुकानदार पुढे हॅम्बुर्गच्या मत्स्यालयात गेला, आणि १८७१ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयाची रचना त्याने केली. तिथे त्याने दर्शनी टाक्यांखाली एक प्रचंड हौद बांधला. अंधारा, थंड, आणि दर्शनी टाक्यांतल्या एकूण पाण्याच्या कित्येक पट पाणी सामावणारा. वाफेच्या पंपाने पाणी वर चढवायचे, टाक्यांतून वाहू द्यायचे आणि पुन्हा हौदात सोडायचे, असे रात्रंदिवस. लॉइडचा आग्रह होता की, लोक पाहतात ती टाकी लहान असली तरी चालेल, पण न दिसणारा साठा मोठा हवा. मत्स्यालयाच्या इतिहासात मला हे वळण सर्वांत मोठे वाटते. काच मोठी करण्याची चढाओढ नंतर खूप झाली. समुद्राला किनाऱ्यापासून दूर नेले ते या हौदाने. हे पाणी का टिकते, याचे उत्तर तेव्हा लॉइडकडे पूर्ण नव्हते. १८७७ मध्ये श्लोएझिंग आणि म्युंत्झ यांनी दाखवले की अमोनियाचे नायट्रेट होण्यामागे सजीव असतात, आणि १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्कीने ते जिवाणू वेगळे काढले. या जिवाणूंना चिकटून बसायला पृष्ठभाग आणि सतत प्राणवायू लागतो. फिरत्या पाण्याच्या हौदात दोन्ही मिळत होते.

भारतातली मोठी मत्स्यालये मात्र किनाऱ्यावरच झाली. मद्रासचे १९०९ मध्ये, मुंबईचे तारापोरवाला १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर. दारात समुद्र असला की साठ्याची चिंता हलकी होते. घरगुती टाकीखाली कप्प्यांचा संप आला तो त्यानंतर बऱ्याच काळाने. फेसाबरोबर सेंद्रिय मळ बाहेर काढणारे स्किमर जर्मनीत १९६० च्या दशकात रुजले. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांनी अमेरिकन मासिकातून पाणी ठिबकवत गाळणाऱ्या खालच्या टाकीची पद्धत लोकप्रिय केली, आणि स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी शेवाळ वाढवून पाणी शुद्ध करण्याचा मार्ग दाखवला. आजच्या संपात शेवाळासाठी दिवा लावलेला जो कप्पा असतो, त्याची वाट तिथून येते.

आता हा संप मन्नाएखेळ्ळीच्या एखाद्या घरात मांडायचा असे धरू, म्हणजे इतिहासाचा उपयोग मोजून पाहता येईल. दर्शनी टाकी १२० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद. खालचा संप ९० बाय ४०, उंची ४०. पहिल्या कप्प्यात वरचे पाणी पडते आणि मळ बसतो. हा आपला कात्रजचा वरचा तलाव. दुसऱ्यात स्किमर. स्किमर ठरावीक पातळीच्या पाण्यातच नीट चालतो, म्हणून या कप्प्याची पातळी पुढच्या काचेच्या उंचीने बांधलेली असावी लागते. मग तीन आडकाचा : पाणी एकीवरून, दुसरीखालून, तिसरीवरून जाते आणि बुडबुडे वर निघून जातात. विजापूरचा गंज हेच काम करत होता. शेवटी पंपाचा कप्पा. बाष्पीभवनाने होणारी सगळी घट इथेच दिसते, कारण इतर कप्प्यांची पातळी काचांनी धरून ठेवलेली असते. हा कप्पा २५ बाय ४० सेंटिमीटरचा असेल तर एक लिटर पाणी उडाले की पातळी एक सेंटिमीटर उतरते. पठारावरच्या कोरड्या उन्हाळ्यात रोज काही लिटर पाणी उडणारच; दोन-तीन दिवस दुर्लक्ष झाले तर पंप हवा ओढू लागतो. उडते ते गोडे पाणी, मीठ मागेच राहते, म्हणून भर घालायची तीही गोड्या पाण्याची. लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास असलेली क्षारता त्यानेच टिकते. वीज गेली की काय होते, हे आधी मोजावे. पंप थांबताच वरची पातळी उतरते. परतीच्या नळीचे तोंड पाण्यात बुडालेले असेल तर ते उघडे पडेपर्यंत पाणी उलटे खाली येते. एकूण ५ सेंटिमीटर उतार धरला तरी ३० लिटर पाणी संपात येईल आणि तिथली पातळी ८ सेंटिमीटरहून थोडी जास्त चढेल. म्हणून चालत्या वेळी संप २५ सेंटिमीटरच्या वर भरू नये. गावात वीज जाते हे इथे गृहीत धरावेच लागते, जसे बीदरच्या कारागिराने उन्हाळा गृहीत धरला होता.

यावर पहिला आक्षेप इतिहासकाराचा असेल. बीदरच्या सुरंग बावीतून लॉइडचा हौद आला असा कोणताही धागा नाही. हे खरे आहे, आणि तसा दावा मी करत नाही. शिवाय सुरंग बावीत पाणी पुढे जाते आणि संपते, संपात ते फिरून येते, हा फरकही लहान नाही. माझे म्हणणे वंशावळीचे नाही, ओळखीचे आहे. ज्या मुलखात दाब, गाळ आणि हवा यांची सोय वाटेतच करण्याची रीत होती, तिथल्या माणसाला संप समजून घ्यायला परदेशी यंत्रांच्या यादीपासून सुरुवात करण्याची गरज नाही. दुसरा आक्षेप छंदाच्या जाणकारांचा : संपाशिवायही समुद्री टाकी चालते. जकार्तात ली चिन एंग यांनी १९६० च्या सुमारास जिवंत प्रवाळखडक, बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर टाक्या सांभाळल्या. पण जकार्ता किनाऱ्यावर आहे. ताजे समुद्रपाणी आणि जिवंत खडक त्यांच्या हाताशी होता. समुद्र जवळ असतो तिथे संपाचे काम समुद्र करतो. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तिथे मिठाच्या पाण्याची टाकी हवीच कशाला? बंद फेरीत पाणी पुन्हा पुन्हा वापरले जाते आणि रोजची घट काही लिटरांची असते, हे उत्तर अर्धेच आहे. कूपनलिकेचे जड पाणी शुद्ध करताना यंत्र जे पाणी टाकून देते, ते शुद्ध पाण्याच्या काही पट असते. ते गटारात गेले तर आक्षेप खराच ठरतो. म्हणून मांडणीच्या आराखड्यात त्या पाण्याची नळी अंगणातल्या संपाकडे किंवा झाडांकडे गेलेली दिसलीच पाहिजे. ती नसेल तर आराखडा अपुरा आहे, असे मी म्हणेन.

आणि उरतो तो उतरण्याचा प्रश्न. बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात, १६१५ च्या सुमाराच्या त्या भुयारी व्यवस्थेत, पाण्यातल्या चुन्याचे थर भिंतींवर चढून वाट अरुंद होत गेली. नौबादची सुरंग बावी दीर्घकाळ गाळाने भरून, कूपक बुजून विस्मृतीत गेली. गेल्या दशकात तिचे मुख आणि काही कूपक उपसले तेव्हा आतले पाणी पुन्हा दिसले. २०२० च्या जागतिक स्मारक पाहणी यादीत दख्खनच्या जलव्यवस्थांची नोंद झाली ती त्यानंतर. दोन्हीकडे रचना चुकली नव्हती, उतरणारा माणूस थांबला होता. समुद्री पाण्यातही चुना पंपाच्या पात्यांवर बसतो आणि पहिल्या कप्प्यात मळ साचतो. बाजारात तयार मिळणारे संप जागा वाचवण्यासाठी कप्पे इतके दाटतात की स्किमर बसल्यावर हात आत जात नाही, आणि वरच्या टाकीचे कपाट इतके बुटके असते की स्किमरचा पेला सरळ उचलून काढता येत नाही. पहिला कप्पा कोपरापर्यंत हात जाईल इतका रुंद ठेवावा, पंपाच्या कप्प्यात पंप बाहेर काढून परत बसवता येईल इतकी मोकळीक असावी, आणि संपाच्या वर कपाटात निदान संपाच्या उंचीइतकी जागा सोडावी. त्यासाठी संप १० सेंटिमीटर आखूड करावा लागला तरी करावा. नौबादच्या बोगद्यावर कूपक पाडणाऱ्यांनीही प्रत्येक वेळी तेवढा जांभा जास्त फोडला होता.