डोंगरांची साक्ष

अड्यार नदी चेन्नईच्या अड्यार भागाजवळ समुद्राला मिळते. तिच्या काठाने काही मैल वर गेले, की विमानतळ लागतो आणि त्याच्या शेजारीच सेंट थॉमसची सुमारे ३०० फूट उंचीची टेकडी दिसते. विमानांना वाट दाखविणाऱ्या नकाशांचा इतिहास याच टेकडीपासून सांगावयास हवा.

१८०२ साली विल्यम लॅम्बटन याने टेकडीच्या पायथ्याजवळ पोलादी साखळीने साडेसात मैलांची आधाररेषा मोजली व तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत भारताच्या मोजणीस प्रारंभ केला. एका त्रिकोणातील तिळभर चूक पुढच्या त्रिकोणांत वाढत जाते, हे तो जाणून होता. म्हणून १८०४ साली बंगळूरजवळ त्याने दुसरी रेषा प्रत्यक्ष जमिनीवर मोजली आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहिली. फरक निघाला अवघ्या काही इंचांचा!

विमानाची अडचण याच जातीची आहे. ढगांत वा अंधारात खालची खूण दिसत नाही. वेग, दिशा आणि काळ यांवरूनच स्थान काढावे लागते, आणि सूक्ष्म चुका तासागणिक साठत जातात. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत यावर एक उपाय निघाला. वायुदाबमापक विमानाची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, तर रडार खालच्या जमिनीपर्यंतचे अंतर सांगते. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला, की जमिनीची उंची उरते. वाटेत मिळालेली अशा उंचींची ओळ नकाशावर जेथे जुळते, तेथे विमान आहे असे समजावे. सह्याद्रीच्या कड्यांवर ही जुळणी सहज होईल. अड्यारच्या मुखापलीकडील सपाट सागरावर मात्र होणार नाही.

अर्थात नकाशाच चुकला, तर विमानही चुकणार. २००० साली ‘एंडेव्हर’ अवकाशयानाने ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाच्या उंची टिपल्या. लॅम्बटनला दोन दशकेही पुरली नाहीत. मोजणी नागपूरकडे नेत असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. जॉर्ज एव्हरेस्टने ते काम पुढे चालविले.

आपल्या गणितावर विसंबण्यापूर्वी जमिनीची साक्ष घ्यावी, हा लॅम्बटनचा धडा आजही वैमानिकाच्या उपयोगी पडतो. हिंगणघाटास कधी जाणे झाले, तर श्रोत्यांनी त्याची कबर अवश्य पाहावी.