रुमालापासून सर्व्हरपर्यंत

सरकारी डेटा सेंटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर थंडगार खोली, लुकलुकणारे दिवे आणि ओळीने उभी कपाटं येतात. माझ्या डोळ्यांसमोर अभिलेख कक्ष येतो. ठाणे जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी कारकून म्हणून लागले ती याच कक्षात, आणि निवृत्त झाले ती संगणक शाखेतून. मधल्या वर्षांत नोंद कागदावरून काचेवर गेली. मी डोंबिवलीत राहते. माझ्या आसपासच्या घरांमध्ये हा बदल म्हणजे ‘आता ऑनलाइन मिळतं’ एवढाच आहे. तो त्याहून बराच मोठा आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या कल्याण-डोंबिवलीत लिहिला गेला, म्हणून हे लिहिते आहे.

जुनं दप्तर गावच्या कुलकर्ण्याच्या घरी असायचं. वतन त्याचं, लेखणी त्याची, लिपी मोडी. कोणाची जमीन कोणाकडे गहाण आहे, सारा किती, हे त्याला विचारावं लागे. इंग्रजी अमलात आधी उत्तर कोकण म्हणवणारा आपला जिल्हा 1833 पासून ठाणे जिल्हा झाला. 1903 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जमिनीची हक्कनोंद सुरू झाली. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र येऊन सातबारा झाला, तो याच हिशेबपद्धतीतून. कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने गेली आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे आलं. नोंद एका घराच्या मालकीची राहिली नाही, हा माझ्या मते या राज्यातला पहिला मोठा ‘डेटा’ सुधार. त्यात एकही यंत्र नव्हतं.

कार्यालयातल्या कागदांनाही शिस्त होती. प्रत्येक नस्ती निकाली निघाली की तिची वर्गवारी व्हायची. ‘अ’ वर्ग म्हणजे कायम जतन, ‘ब’ म्हणजे 30 वर्षं, आणि ‘ड’ म्हणजे वर्षभराने नष्ट करण्याजोगं. ‘अ’ वर्गाचे गठ्ठे लाल कापडात, म्हणजे रुमालात, बांधायचे. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी, सहा गठ्ठे पद्धत आणि अभिलेखांची रचना एवढी पक्की बसवली की पुढे सगळं राज्य ‘लखिना पॅटर्न’ म्हणू लागलं. आमचे अभिलेखापाल काका त्याच शाळेतले. रुमालाची गाठ सोडताना ते डाव्या हाताने गठ्ठा दाबून धरत, नाहीतर वरचे जीर्ण कागद कडेला घासून तुटत. आतला पहिला कागद सूचीचा. त्यावर अनुक्रमांक, विषय, पानांची संख्या. गठ्ठा परत बांधण्याआधी ते पानं मोजत. “पान कमी भरलं तर आधी आपण चोर ठरतो, ताई,” असं ते मला सांगत. नकलेचा अर्ज आला की सूचीवरून गठ्ठा, गठ्ठ्यातून पान, पानावरून हाताने नक्कल, मग मेळ घेणारा दुसरा कारकून, मग सही-शिक्का. दोन माणसांच्या नजरेखालून गेल्याशिवाय नक्कल बाहेर जात नसे.

पहिला संगणक आमच्याकडे आला तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं नाव ऐकून होतो. 1976 साली स्थापन झालेली ही संस्था. पुढे तिने देशभर जिल्हाधिकारी कार्यालयांत आपली केंद्रं उघडली आणि ती उपग्रहाच्या जाळ्याने जोडली. पण जिल्ह्याचं केंद्र दिल्लीला आकडे कळवायचं. आपल्या शेजारणीला जन्माचा दाखला हवा असेल तर त्याचा काही उपयोग नव्हता.

तो उपयोग कल्याण-डोंबिवलीने करून दाखवला. कल्याण डोंबिवली महानगरपालिका 1 ऑक्टोबर 1983 ला स्थापन झाली. इथली माणसं सकाळी लोकल पकडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. कार्यालयीन वेळेत या टेबलावरून त्या टेबलावर फिरायला इथे कोणाकडे दिवस नसतो. अर्धा दिवस रजा टाकून गेलं आणि ‘संबंधित कर्मचारी साइटवर गेलेत’ असं ऐकलं की ती रजा वाया. शतक बदलत असताना महापालिकेने संगणकीकरण हाती घेतलं आणि नागरी सुविधा केंद्र सुरू केलं. अर्ज एका खिडकीवर द्यायचा, तिथेच पावती घ्यायची, पावतीवर दाखला मिळण्याची तारीख. मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू, परवाने हे सगळे विभाग त्या खिडकीमागे एका प्रणालीने जोडलेले. एबीएम नॉलेजवेअर या कंपनीने ती प्रणाली बांधली. खरा बदल खिडकीत नव्हता, पावतीवरच्या तारखेत होता. तारीख छापली म्हणजे उशीर मोजता येतो, आणि मोजता येणाऱ्या उशिराबद्दल साहेबांना उत्तर द्यावं लागतं.

डिसेंबर 2005 मध्ये केंद्राची नेहरू नागरी पुनर्निर्माण योजना आली. तिने शहरांना निधीसाठी ई-गव्हर्नन्सची सुधारणा सक्तीची केली, आणि राज्याने इतर महापालिका-नगरपालिकांसाठी कल्याण-डोंबिवलीचाच नमुना पुढे ठेवला. ज्या शहराला लोक खड्ड्यांवरून आणि कचऱ्यावरून नावं ठेवतात, त्याच्याकडे कधीकाळी राज्यभरचे अधिकारी शिकायला येत होते. हे डोंबिवलीतल्या किती मुलांना माहीत आहे?

आता कामाची आतली बाजू सांगते, कारण ती कोणी लिहीत नाही.

जुनी रजिस्टरं संगणकात भरताना सगळ्यात जास्त छळलं ते फाँटने. तेव्हा मराठी टाइप करायचं म्हणजे पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, नाहीतर श्रीलिपी. पडद्यावर ‘कुलकर्णी’ दिसायचं, पण आत साठवलेले असायचे त्या फाँटपुरते अर्थ असलेले संकेत. फाँट बदलला की नावाचा चिखल. शोध घ्यायचा तर ‘कुळकर्णी’ आणि ‘कुलकर्णी’ ही दोन माणसं, ‘र्णी’वरचा रफार आधी टाइप केला की नंतर यावरून तिसरंही. वारसाच्या अर्जात एक नाव, मालमत्ता कराच्या रजिस्टरात दुसरं, निवडणूक यादीत तिसरं. पुढे युनिकोड आलं आणि जुनी माहिती त्यात वळवावी लागली. हे काम यंत्र निम्मंच करतं. उरलेलं निम्मं आम्ही बायकांनी मूळ रजिस्टर मांडीवर घेऊन केलं. एक वाचायची, दुसरी पडद्यावर बघायची. काकांची मेळ घेण्याची रीत आम्ही मोडली नाही.

आमचा सर्व्हर होता एका आतल्या खोलीत. खिडकी विटांनी बुजवलेली, एक एसी चालू, एक राखीव, कोपऱ्यात यूपीएसच्या बॅटऱ्या. त्या वर्षांत कल्याण-डोंबिवलीत तासन्‌तास भारनियमन असायचं. बॅटरी संपत आली की शिपाई जनरेटर लावायला धावायचा, आणि तेवढ्यात कोणाची नोंद अर्धवट राहायची. संध्याकाळी दिवसभराची माहिती टेपवर उतरवायची. ती टेप त्याच इमारतीतल्या लोखंडी कपाटात जायची. प्रत त्याच इमारतीत ठेवली तर ती प्रत कसली? हे आम्ही लेखी विचारलं होतं. उत्तर आलं की बाहेर जागा उपलब्ध नाही.

26 जुलै 2005 ला त्याचं खरं उत्तर मिळालं. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना आठवतं. इकडे उल्हास आणि वालधुनी फुगल्या आणि कल्याण, उल्हासनगर, बदलापूर पाण्यात गेलं. आमच्या तळमजल्यावरचे गठ्ठे भिजले. पाणी उतरल्यावर पंख्याखाली दोऱ्या बांधून आम्ही एकेक पान वाळत घातलं. शाई फुटलेली पानं कायमची गेली. सर्व्हर वरच्या मजल्यावर होता म्हणून राहिला, एवढंच.

सात वर्षांनी 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचा जीव गेला, वरचे मजले खाक झाले, कितीतरी विभागांच्या नस्त्या राख झाल्या. ज्या कागदांची स्कॅन केलेली प्रत आधी काढून ठेवली होती, त्यांच्याच बाबतीत सरकार निश्चिंत राहू शकलं. 2006 च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेतून प्रत्येक राज्याने स्वतःचं डेटा सेंटर उभारायचं ठरलेलं होतं. महाराष्ट्राचं केंद्र मुंबईत सुरू झालेलं होतं, पुण्यात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं मोठं केंद्र 2010 पासून होतं. आगीनंतर मात्र ‘प्रत दुसऱ्या शहरात हवी’ हे वाक्य वरिष्ठांच्या तोंडी आलं. आम्ही ते आधी म्हणत होतो. आलं ते बरं झालं.

त्यानंतर कार्यालयागणिक असलेल्या खोल्या बंद होत गेल्या आणि माहिती राज्याच्या केंद्रात, क्लाऊडवर जाऊ लागली. सुरुवातीची वर्षं तलाठ्यांसाठी फार वाईट होती. जमिनीच्या हक्कबदलाची नोंद संगणकावर घेणारी प्रणाली म्हणजे ई-फेरफार; तिचा सर्व्हर दिवसा चालायचाच नाही. गावोगावचे तलाठी रात्री जागून नोंदी घालत, कारण रात्री वेग मिळे. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य त्या काळात ऐकलं नाही असा शेतकरी मुरबाड-शहापुरात सापडणार नाही. पण त्याच काळात या राज्याने एक फार शहाणं काम केलं. संगणकातला सातबारा बरोबर आहे की नाही हे पडताळायला चावडी वाचन ठेवलं. गावकऱ्यांसमोर उतारे मोठ्याने वाचायचे, चूक असेल त्याने तिथेच हरकत घ्यायची. सुमारे अडीच कोटी सातबारे असलेल्या राज्यात माहिती शुद्ध करण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपयांत, घरबसल्या. बँक तो पाहून पीककर्ज देते. डिजिटल अर्थव्यवस्था म्हणतात ती इथे, या उताऱ्यावर उभी आहे.

आपल्या भागात आणखी एक अडचण होती, ती नकाशाची. हद्दी सारख्या बदलत राहिल्या. 1983 मध्ये महापालिकेत असलेलं अंबरनाथ आणि बदलापूर 1992 मध्ये बाहेर पडलं. 27 गावं 2002 मध्ये वगळली, 2015 मध्ये परत घेतली. 1 ऑगस्ट 2014 ला ठाणे जिल्हाच दुभंगला. वसई, पालघर, डहाणू, जव्हारसह आठ तालुके पालघर जिल्ह्यात गेले, सात इकडे राहिले. वर्तमानपत्रात ही एका दिवसाची बातमी असते. दप्तरात ते वर्षानुवर्षांचं काम असतं. घरपट्टीची रजिस्टरं ग्रामपंचायतीकडून महापालिकेकडे, परवानग्या एका प्राधिकरणाकडून दुसऱ्याकडे. या हस्तांतरात फटी राहतात, आणि फटीत कोण शिरतं ते डोंबिवलीने पाहिलं.

महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार करून 65 इमारतींची महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी करण्यात आली. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक दिसतो, म्हणून लोकांनी विश्वासाने घरं घेतली, अनेकांनी कर्ज काढून. 2022 मध्ये प्रकरण जनहित याचिकेतून उघड झालं. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. महापालिकेकडे संगणक होता. महारेराकडेही होता. पण हा परवाना खरा आहे का, हे एका संगणकाने दुसऱ्याला विचारायची सोय नव्हती. आमच्या अभिलेख कक्षात दोन कारकून समोरासमोर बसून जो मेळ घेत, तोच इथे घेतला गेला नाही. नंतर नियोजन प्राधिकरणांची संकेतस्थळं महारेराशी जोडायला सांगितलं गेलं. ज्यांचा संसार त्या घरांत मांडला गेला होता त्यांच्यासाठी ते फार उशिरा झालं, आणि याचा मला मनापासून राग आहे.

आज ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे इथे जिथे रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने होते, तिथे खासगी डेटा सेंटरच्या भिंती उभ्या आहेत. देशातल्या अशा केंद्रांचा फार मोठा वाटा याच पट्ट्यात आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्राखालच्या केबली जवळ, वीज भरवशाची. परदेशी कंपन्यांची माहिती तिथे दोन-दोन वीजजोडण्या आणि राखीव जनरेटरच्या पहाऱ्यात राहते. त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या फेरफाराला आणि डोंबिवलीकराच्या बांधकाम परवान्याला तेवढाच पहारा मिळाला पाहिजे. त्यासाठी यंत्रं विकत घेता येतात. नोंदी मिळवून पाहणारा माणूस मात्र नेमावा लागतो, आणि ती पदं आज रिकामी ठेवून चालणार नाही.

तुम्ही स्वतः एक काम या आठवड्यात करा. घराचा मालमत्ता कराचा उतारा, सोसायटीच्या जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि घराचं खरेदीखत शेजारी शेजारी ठेवा. तिन्हीवरचं नाव, क्षेत्रफळ आणि क्रमांक जुळवा. जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज आजच द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. नवीन घर घेत असाल तर महारेराचा क्रमांक पाहून थांबू नका, परवानगीचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळून मगच पैसे द्या.