शिक्षकाची स्वतःची जागा

निजामी राजवटीत मराठवाड्यातील शिक्षकाला मातृभाषेतून शिकवायचे, तर आधी जागाच निर्माण करावी लागे. प्राथमिक इयत्तांच्या पुढे माध्यम उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेही तेच. म्हणून हिप्परग्यासारख्या गावी राष्ट्रीय शाळा उभी राहिली. तेथील मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ. नांदेडचे विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

सुमारे आठ दशकांनंतर नांदेड-लातूरसह राज्यभरातील जिल्हा परिषद शिक्षकांनी पुन्हा स्वतःची जागा उभारली. या वेळी विटामातीवाचून.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले, तरी मराठी शिक्षकाला त्याचा उपयोग बेताचाच होता. खरा अडसर अक्षरांचा! एका संगणकावर टंकलेला धडा तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडे. युनिकोड रुळले आणि हा अडसर दूर झाला. ब्लॉगरने जागा फुकट दिली, स्वस्त मोबाइलने मराठी कळफलक खिशात आणला. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर उत्साह आणखी वाढला. परिपाठ, चालीवर म्हटलेल्या कविता, सराव प्रश्नपत्रिका, शासन निर्णय असे सारे शिक्षकांच्या ब्लॉगवर जमू लागले. मांडणी पुष्कळदा भडक असे, सरकत्या अक्षरांची हौस तर विचारू नये. पण दुर्गम तांड्यावरच्या एकशिक्षकी शाळेला तो मोठा आधार होता. सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीत, रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकालाच क्यूआर कोड जोडले. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ त्यांना मिळाला.

मात्र ही नवी जागा परक्याच्या जमिनीवर होती. जगभरातील हौशी संकेतस्थळांचे माहेरघर असलेले जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले. गूगलने आपल्या ‘साइट्स’ सेवेची जुनी आवृत्ती २०२१ मध्ये गुंडाळली. स्वतःचे नाव विकत घेतलेल्यांनाही दरवर्षी शुल्क भरणे आले. ते चुकले की पत्ता दुसऱ्याचा.

१९३० चे क्रमिक पुस्तक एखाद्या जुन्या ग्रंथालयात धूळ झटकून अजून वाचता येते. २०१४ चा शिक्षकाचा ब्लॉग मिटला, तर भिस्त इंटरनेट अर्काइव्हवर. तेथेही पुष्कळदा पानाचा सांगाडाच उरतो. कवितेची ध्वनिफीत जिथे ठेवली होती, तो दुवा उघडत नाही.