परवलीचा शब्द

माझा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला पाहून नातीने कपाळाला हात लावला. मी मराठीचा मास्तर, मला 'परवलीचा शब्द' जवळचा. हा 'परवल' इंग्रजी फौजेतल्या 'पॅरोल'वरून आलेला. पहारेकऱ्याने विचारायचा, रोज बदलायचा. संगणकाला तो एमआयटीत 1961 च्या सुमारास फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने लावला. 1966 साली तिथे चूक झाली नि सगळ्यांचे पासवर्ड प्रत्येकापुढे उमटले! याच कोर्बातोंनी 2014 साली कबूल केले, की आपले दीडएकशे पासवर्ड कागदावर टिपून ठेवलेत. वाचून मला बरे वाटले. तरी आमच्या बुलढाण्याच्या घरातले कॅलेंडर फाडले. आता एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द जोडलेत. चिठ्ठी कपाटात, कुलपाआड. नातीलाही सांगितलेले नाहीत.